‘किरकोळ ट्रिमिंग लागेल’ म्हणजे नक्की काय? इंजिनची कामं घरी करताना कव्हर आणि पत्रा कसा कापावा

घरी बसवण्यासाठी म्हणून जे एअर इंटेकचे (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेचे) किट विकत मिळतात, त्यांच्या सूचनापत्रात कुठेतरी तळाशी एक ओळ असते: ‘काही गाड्यांमध्ये किरकोळ ट्रिमिंग लागू शकते.’ कुठला क्लॅम्प किती आवळायचा यावर दोन पानं खर्ची पडलेली असतात, पण किरकोळ म्हणजे किती, कापायचं काय, कशाने, आणि कापल्यावर उघड्या पडलेल्या कडेचं पुढे काय करायचं, यावर अवाक्षर नसतं. मग नवखा माणूस भावाकडून ग्राइंडर मागून आणतो आणि पाइप जिथे अडतोय तिथे लावतो.

हा लेख त्या एका ओळीपुरता आहे. उदाहरणाला सगळ्यात जास्त केलं जाणारं काम घेतलंय: साध्या हॅचबॅकमधला कंपनीचा फिल्टर बॉक्स काढून तिथे कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर आणि अडीच इंची पाइप बसवणं. त्याने ताकद किती वाढते हा वेगळा वाद आहे (छोट्या पेट्रोल इंजिनात फारशी नाही, आवाज मात्र नक्की वाढतो). ऑइल कूलर, मोठा इंटरकूलर, मोठी बॅटरी, जीपसारख्या गाडीला स्नॉर्केल (छताच्या उंचीवरून हवा घेणारी बाहेरची नळी), काहीही बसवायचं असलं तरी कापण्याची पद्धत तीच.

सुरुवातीलाच एक नियम सांगतो, बाकीचं सगळं त्याच्या भोवतीच फिरतं. बोल्टने, स्क्रूने किंवा क्लिपांनी निघतं ते कापा. वेल्ड करून जोडलेलं आहे त्याला हात लावू नका. निघणारी वस्तू चुकली तर दुसरी आणता येते. वेल्ड केलेला पत्रा हा गाडीच्या सांगाड्याचा भाग असतो, तो चुकला की गाडीच चुकते.

आधी कायद्याचं बघून घ्या

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसी बुकात कंपनीने दिलेली जी माहिती नोंदवलेली आहे तिच्याशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं. त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इंजिनच बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद या दोन्हींशिवाय पान्हा उचलू नका.

बोनेटखालच्या प्लास्टिकच्या कव्हराला कात्री लावणं आणि बोनेटला खिडकी पाडणं यात कायद्याच्या नजरेने मोठा फरक आहे. बाहेरून दिसणारं, गाडीचं रूप किंवा मापं बदलणारं काही करायचं असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर बोनेट उघडूनच बघतो. गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा, एवढंच म्हणेन.

म्हणूनच दुसरा सल्ला: मूळ कव्हर कापूच नका. तसंच दुसरं सेकंडहँड आणा आणि ते कापा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात जुना बाजार, किंवा तुमच्या गावातला गाड्यांचं भंगार घेणारा. प्रचलित गाड्यांची कव्हरं, लायनर, मडगार्ड अशा ठिकाणी नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. मूळचं धुऊन, पेपरात गुंडाळून माळ्यावर टाका. गाडी विकताना किंवा बदल नकोसा झाला की तेच कामाला येतं.

हे कव्हर इथे का आहे?

कापण्याआधी प्रत्येक कव्हराला हा प्रश्न विचारायचा. उत्तर सापडलं नाही तर कापायचं नाही. बोनेटखाली नुसतं शोभेचं असं फार कमी असतं.

*इंजिनवरचं कव्हर.* कंपनीचं नाव छापलेलं काळं झाकण. लोक याला शोभेचं समजतात आणि काही पेट्रोल गाड्यांत ते बरंचसं तसं असतंही. पण उलटं करून बघा. खाली फोमचा जाड थर असेल तर ते आवाज दाबण्यासाठी आहे, डिझेलमध्ये तर नक्कीच. काही गाड्यांत एअर फिल्टरचं घरच या कव्हरात असतं, काहींत एखादी नळी किंवा वायरिंगची माळ त्याच्या खाचेत बसवलेली असते. कापल्यावर ती नळी लोंबकळून गरम भागावर टेकणार नाही ना, हे बघावं लागतं.

*चाकाच्या कमानीतलं लायनर.* टायर पावसाळ्यात चिखल, खडी आणि पाणी ज्या जोराने फेकतं तो सगळा मार हे पातळ प्लास्टिक खातं. त्याच्यामागे मडगार्डच्या पोकळीत वायरिंग असतं, बऱ्याच गाड्यांत वॉशरची टाकी किंवा हॉर्नही तिथेच. कोन फिल्टर या पोकळीत बसवण्यासाठी लायनरला मोठी खिडकी पाडायची टूम आहे. परदेशातल्या कोरड्या हवेतले व्हिडिओ बघून ती इथे आली आणि आपल्याकडे ती धोक्याची आहे. फिल्टर जितका खाली, तितकं साचलेलं पाणी जवळ. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते शिरलं की वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला होता ते सोडाच, एरवीच्या भरतीच्या पावसातही मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेला साचणारं पाणी एवढ्याला पुरतं. साध्या विमा पॉलिसीत असं पाण्याने बिघडलेलं इंजिन सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. तेव्हा फिल्टर वरच ठेवा, बोनेटच्या उंचीला. लायनर शक्यतो अखंड राहू द्या.

*इंजिनखालचं कव्हर.* हे काढूनच टाकलेल्या गाड्या रस्त्यावर पुष्कळ दिसतात. एका सर्व्हिसला क्लिपा तुटतात, पुढच्या सर्व्हिसला कव्हर जातं. ते खालून येणारं पाणी अडवतं, खडीपासून पुली आणि बेल्ट वाचवतं, आणि बऱ्याच गाड्यांत रेडिएटरमधून आलेली हवा योग्य वाटेने मागे काढून देतं. त्यामुळे ते काढलं की गाडी गार राहते हा समज प्रत्येक गाडीला लागू नाही.

*काचेखालचं काऊल कव्हर.* वायपरच्या बुडाशी असलेली जाळीदार पट्टी. काचेवरून ओघळणारं पाणी ती दोन्ही बाजूंच्या मोऱ्यांतून बाहेर सोडते. केबिनमधली हवाही तिथूनच आत येते. स्ट्रट बार (दोन्ही शॉकॲब्सॉर्बरचे टोप जोडणारी आडवी दांडी) बसवायला हिचा कोपरा कापतात. कापा, पण पाण्याची वाट कुठून कुठे जाते ते मगभर पाणी ओतून आधी बघा. ही वाट बदलली तर पाणी थेट वायरिंगवर पडतं किंवा पायाखालच्या मॅटमध्ये उतरतं.

*उष्णतेची ढाल.* एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरचा) ॲल्युमिनियमचा किंवा पातळ पत्र्याचा खडबडीत तुकडा. बोल्टने निघतो, म्हणून माझ्या नियमात बसतो, पण हा अपवाद. त्याला कापू नका. त्याच्याविना शेजारच्या वायरी, रबरी नळ्या आणि वरच्या बोनेटचा रंग हे सगळं भाजून निघतं.

प्लास्टिक कुठलं ते वाचा

कव्हराच्या पाठीमागे साच्यातच उमटवलेली बारीक अक्षरं असतात, दोन टोकदार कंसांच्या मधे. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात तिरकं धरलं की वाचता येतात. कापायची पद्धत यावर ठरते.

‘पीपी’ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. पुढे ‘ईपीडीएम’ असेल तर रबर मिसळून लवचिक केलेलं, ‘टी’ किंवा ‘टीडी’ आणि २० असेल तर त्यात २० टक्के शंखजिऱ्याची पूड. लायनर, खालची कव्हरं, बंपर, बरंचसं याच जातीचं. हे साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं. त्यामुळे वेगात फिरणारी चकती लावली की ते कापलं जात नाही, वितळतं, चकतीला चिकटतं आणि मागे पुन्हा सांधलं जातं. हाताची करवत किंवा अगदी कमी वेगाचं रोटरी टूल (लहान चकती फिरवणारं हातातलं यंत्र) वापरा.

‘पीए६६-जीएफ३०’ किंवा तसंच काही असेल तर ते ३० टक्के काचतंतू घातलेलं नायलॉन आहे. इंजिनवरची कव्हरं, इनटेक मॅनिफोल्ड यांत हे वापरतात, कारण ते २६० अंशांच्या आसपासपर्यंत वितळत नाही. छान कापलं जातं, कडा स्वच्छ येते, पण त्याच्या धुळीत काच असते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद चष्मा आणि एन-९५ मास्क लावूनच बसा, नाहीतर रात्रभर हात खाजवत बसाल.

‘एबीएस’ असेल तर ते कडक आणि थोडं ठिसूळ. ग्रिल आणि सजावटीच्या पट्ट्यांत भेटतं. टोकदार कोपऱ्यातून त्याला तडा जातो.

काय काय लागेल

खूप काही नाही. हेक्सा ब्लेड, इंचाला २४ किंवा ३२ दात असलेलं. फ्रेम अडचणीच्या जागी जात नाही, म्हणून नुसत्या ब्लेडच्या एका टोकाला कापडी टेप गुंडाळून मूठ करायची. अर्धगोल कानस एक, गोल कानस एक. पॉलिश पेपर १२० आणि २४० नंबरचे. ड्रिल आणि ३, ६, १० मिमीची बिटं. पत्र्यात मोठी भोकं पाडायची असतील तर पायऱ्यापायऱ्यांचं स्टेप बिट, आणि पाइपसाठी होल सॉ (गोल भोक कापणारी दातेरी वाटी). पत्रा कापायच्या कात्र्या रंगावर ओळखतात: लाल मुठीची डावीकडे वळत कापते, हिरव्या मुठीची उजवीकडे, पिवळी सरळ. नवख्याने लाल-हिरवी जोडी घ्यावी. सरळ रेषा त्यांनीही कापता येते, पिवळीने तीव्र वळण घेता येत नाही.

ग्राइंडरचं काय? चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. घेणारच असाल तर गार्ड काढू नका, लाकूड कापायचं दातेरी पातं त्याला कधीही लावू नका, आणि चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली तारीख बघा. कटिंग डिस्कला एक्सपायरी असते. वर्षानुवर्षं दमट पोटमाळ्यावर पडलेली चकती फुटू शकते. ड्रिल किंवा ग्राइंडर चालवताना सुती हातमोजे नकोत, धागा गुंततो आणि मागोमाग बोट. या लेखातलं सगळं काम ग्राइंडरशिवाय होतं, आणि पहिल्या वेळेला तसंच करा असं माझं मत.

याशिवाय मास्किंग टेप, जाड पुठ्ठा (घरात पडलेल्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम: कडक, गुळगुळीत आणि फुकट), मार्कर, आणि मूठभर कणिक. कणकेचं पुढे येईल.

गाडी तयार करणं

इंजिन पूर्ण गार. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची, बसवताना शेवटी लावायची. एअरबॅगच्या गाड्यांत धडकेचे सेन्सर पुढच्या भागातच, बंपरच्या किंवा रेडिएटरच्या आसपास असतात. त्यामुळे बॅटरी काढल्यावर लगेच ठोकाठोक न करता गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा. सेन्सर कुठे आहेत ते पुस्तिकेत नसेल तर सर्व्हिस सेंटरला विचारा. त्यांच्या आसपासची कुठलीही पट्टी, ब्रॅकेट हलवायची नाही.

फिल्टर बॉक्स काढला की थ्रॉटल बॉडीचं (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचं) तोंड उघडं पडतं. त्यात भडक रंगाचं फडकं कोंबा, लाल किंवा केशरी, आणि त्याचं एक टोक हातभर बाहेर लोंबू द्या. काळं किंवा ऑइलने मळलेलं फडकं नको, कारण ते तिथे आहे हेच विसरायला होतं. काचेवर आणि रंगावर जुनी चादर टाका. धातू कापताना उडालेले तप्त कण काचेत रुतून बसतात आणि निघत नाहीत. गाडीखाली पेट्रोलचा वास येत असेल तर काम त्या दिवशी नाही. शेजारी वाळूची बादली किंवा पावडरचा अग्निशामक ठेवा.

कव्हर गाडीवरून उतरवूनच कापायचं. गाडीवर असतानाच कापण्याचा मोह होतो, कारण दोन क्लिपा अडकलेल्या असतात. पण ब्रेकच्या नळ्या, एसीच्या नळ्या, वायरिंगच्या माळा बहुतेक वेळा नेमक्या कव्हराच्या मागूनच गेलेल्या असतात. क्लिपा तुटल्या तर तुटू द्या, दुकानात पाकिटाने मिळतात.

जागा किती हवी: पुठ्ठा आणि कणिक

इथे घाई करू नका. कापण्यापेक्षा जास्त वेळ इथे गेला पाहिजे.

इंजिन रबरी माउंटिंगवर असतं. गाडी सुरू करताना, बंद करताना, आणि पहिल्या गिअरमध्ये झटक्यात क्लच सोडल्यावर ते हलतं. कुणाला तरी गाडीत बसवा, हँडब्रेक ओढून रेस द्यायला सांगा आणि बाजूला उभं राहून बघा, इंजिन किती डोलतं ते. पाइप इंजिनला जोडलेला, म्हणून तो इंजिनबरोबर डोलणार. कव्हर किंवा पत्रा बॉडीला, म्हणून तो जागेवर राहणार. दोघांत सगळीकडून निदान २० ते २५ मिमी मोकळी जागा हवी. बंद गाडीत पाच मिमी सुटलेला पाइप चालत्या गाडीत घासतो. मग तो आवाज कुठून येतोय ते शोधण्यात आख्खा रविवार जातो.

बाजूची जागा हाताने मोजता येते. वरची येत नाही, कारण बोनेट लावलं की दिसायचं बंद होतं. त्यासाठी कणिक. पोळ्यांच्या कणकेपेक्षा घट्ट भिजवा. तिचे आवळ्याएवढे गोळे करून पाइपच्या सगळ्यात उंच जागांवर, फिल्टरच्या टोकावर, क्लॅम्पच्या स्क्रूवर ठेवा. प्रत्येक गोळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवा, म्हणजे तो बोनेटला चिकटणार नाही. बोनेट सावकाश खाली आणा, पूर्ण लावा, पुन्हा उघडा. गोळा जेवढा जाड उरला तेवढी तिथली जागा. सुरीने मधोमध कापून पट्टीने मोजा. २० मिमी उरलेला असेल तर चिंता नाही. पोळीसारखा चपटा झाला असेल तर पाइप खाली घ्या, कोन बदला, माउंटिंगचं ब्रॅकेट वळवा. बोनेट कापण्याचा विचार त्यानंतरही नको, कारण खाली सांगतोय.

आता साचा. पत्रिकेचा पुठ्ठा कव्हरावर धरा, पाइप कुठून जाईल ते आखा, कापा, आणि पुठ्ठाच गाडीत लावून बघा. बसेना? पुन्हा. पुठ्ठ्याचे चार तुकडे वाया गेले तरी काही बिघडत नाही. बसला की तो कव्हरावर ठेवून मार्करने खूण करा. खुणेच्या दोन्ही बाजूंना, कव्हराच्या पुढून आणि मागून, मास्किंग टेप लावा. टेपमुळे ब्लेड सरकत नाही आणि कडेचा कपचा उडत नाही.

खूण करताना कव्हराच्या मागच्या बाजूच्या उभ्या फासळ्या बघा. कव्हर पातळ असतं, त्याला ताठ ठेवतात त्या फासळ्या. छेद शक्यतो फासळीला समांतर, तिच्या बाहेरून द्या. फासळी अखंड राहिली की कापलेली बाजू फडफडत नाही.

प्लास्टिक कापणं

पहिली पायरी कोपऱ्यांची. जिथे जिथे छेद वळणार तिथे १० मिमीचं भोक पाडा आणि छेद त्या भोकापर्यंतच आणा. टोकदार कोपऱ्यात सगळा ताण एका बिंदूवर येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. गोल कोपऱ्यात तो वाटला जातो. ही दोन मिनिटांची गोष्ट आहे आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात.

नंतर रेषेच्या आत, दोन-तीन मिमी सोडून कापा. बरोबर रेषेवर नाही. उरलेलं कानशीने आणायचं. कमी कापलेलं पुन्हा कापता येतं. ब्लेड लांब लांब ओढा, छोटे झटके नकोत. पीपी असेल तर मधे मधे थांबा, ब्लेड गरम झालं की कडेला मेणासारखी पुरळ येते.

कापल्यावर कडेला जी पातळ झालर राहते ती कटरच्या पात्याने खरवडून काढा, पाठोपाठ १२० चा पॉलिश पेपर, मग २४०. हाताने कड चाचपून बघा. बोटाला लागत नसेल तरच ती वायरीच्या रबराला लागणार नाही. मग यू आकाराचं रबरी बीडिंग चढवा. दारांच्या कडांसाठी मिळतं तेच, मीटरवर. एखादी वायर किंवा नळी त्या भोकातून जाणार असेल तर बीडिंगऐवजी पूर्ण गोल ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी रबरी कडी) वापरा.

खालच्या कव्हराबद्दल एक वेगळी गोष्ट. ऑइलचा नट किंवा फिल्टर काढायला सोपं जावं म्हणून त्यात खिडकी पाडणं हा खरं तर सगळ्यात उपयोगी बदल आहे, आणि पहिला हात साफ करायला तोच घ्यावा. पण खिडकीची पुढची कड वाऱ्याच्या तोंडावर येते. तिथे सैल झडप ठेवली तर एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगाला वारा ती उचकटतो आणि अख्खं कव्हर ओढून नेतो. झडप करायची असेल तर ती पुढून स्क्रूने पक्की आणि मागून उघडणारी, किंवा मूळ कव्हराच्या वरून घट्ट बसणारी वेगळी चकती.

पत्रा

इथे नियम पुन्हा आठवा. चाकाच्या आतल्या बाजूचा ॲप्रन, शॉकॲब्सॉर्बरचा वरचा टोप, बोनेटखालून पुढे गेलेल्या दोन चौकोनी चॅसिस दांड्या, हे सगळं वेल्ड केलेलं आहे आणि धडकेचा जोर हेच अंगावर घेतं. पाइप मडगार्डच्या पोकळीत न्यायचाच असेल तर कंपनीच्या हवेच्या नळीसाठी तिथे बहुधा भोक आधीच असतं. तेच वापरा. पाइप त्यातून मावत नसेल तर पाइप बारीक घ्या किंवा त्या भोकाला फक्त नळी जोडा. ॲप्रनमधलं भोक ‘जरासं’ वाढवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. वरून काही दिसत नाही, पण तो पत्रा कुठे दुमडायचा ते कंपनीने ठरवलेलं असतं, आणि ते तुम्ही बदललेलं असतं.

बोनेट निघतं, पण तेही माझ्या मते कापू नये. आतली जाळीदार चौकट त्याला ताठ ठेवते. तिचाच एक भाग पुढच्या लॉकचा कडा धरून असतो. तिथे पत्रा कमी झाला आणि लॉक सैल झालं की वेगात बोनेट उघडून काचेवर आदळतं. शिवाय पादचारी धडकला तर बोनेटने थोडं दबावं यासाठी त्याच्या आणि इंजिनच्या टणक भागांच्या मधे मुद्दाम जागा ठेवलेली असते. ती जागा पाइपने भरून टाकू नका. हवेच्या खिडक्या पाडायच्याच असल्या तर त्या रेडिएटरच्या लगेच मागे, पुढच्या भागात असतात. काचेजवळ हवेचा दाब जास्त असतो, तिथल्या खिडकीतून गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरची हवा आत ढकलली जाते. पण हे काम डेंटरचं (गाडीच्या पत्र्याचं काम करणाऱ्याचं) आहे.

मग नवख्याला कापण्यासारखा पत्रा उरतो कोणता? बॅटरीच्या ट्रेचं बाजूचं ब्रॅकेट (बॅटरी धरून ठेवणारा पट्टा किंवा क्लॅम्प नाही), फिल्टरभोवती बसवायची पत्र्याची पेटी, आणि जीपसारख्या गाडीत स्नॉर्केलसाठी बोल्टने निघणारं मडगार्ड. मडगार्डचा पत्रा जेमतेम ०.७ ते ०.८ मिमी जाड असतो. होल सॉ लावण्याआधी पॉइंट पंचने खूण ठोका, ३ मिमीचं भोक पाडा, पत्र्यामागे लाकडाचा ठोकळा धरा. ठोकळ्याशिवाय होल सॉ शेवटच्या क्षणी पत्रा ओढून घेतो आणि भोकाभोवती वाटी पडते. ती भरायला लांबी (पुट्टी) लागते आणि मग रंग. होल सॉ पाइपच्या बाहेरच्या मापापेक्षा वीसेक मिमी मोठा घ्या, म्हणजे सगळीकडून दहा मिमी सुटतं आणि रबर बसतं. स्नॉर्केल बॉडीलाच आवळलेला असल्याने इथे तेवढं पुरतं.

पत्रा कापला की लोखंडाचा बारीक कीस सगळीकडे पडतो. हा कीस फुंकू नका आणि फडक्याने पुसू नका, रंगावर ओरखडे पडतात. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळीकडे फिरवा, मग पिशवी उलटी करून कीस टाकून द्या. बॅटरीच्या टोकांभोवती आणि वायपरच्या खोबणीत दोनदा फिरवा. राहिलेल्या कणांचे पावसाळ्यात एका रात्रीत तपकिरी ठिपके उठतात.

कापलेली कड उघडी ठेवायची नाही

बऱ्याच गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा आणि प्राइमरचा थर असतो, पण तो पत्र्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला. कापलेल्या कडेला नुसतं लोखंड. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत ते आठवड्यात लाल होतं, पुण्यात थोडं उशिरा.

कड कानशीने गोलसर करा, १२० आणि २४० मारा, थिनरने पुसा, हात न लावता वाळू द्या. मग इपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ हात, डब्यावर लिहिलेल्या अंतराने. रेड ऑक्साइड कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतं आणि आडबाजूच्या ब्रॅकेटला चालून जातं, पण दिसणाऱ्या किंवा चिखल लागणाऱ्या जागी इपॉक्सीच. त्यावर रंग. भर पावसाळ्यातल्या ओल्या दिवशी स्प्रे मारू नका, रंगावर पांढरट झाक येते. थांबता येत नसेल तर ऊन पडलेली दुपार धरा. भोकाच्या मागची पोकळी दिसत नसली तरी तिथे मेणाचा स्प्रे मारा. बीडिंग रंग पूर्ण वाळल्यावरच चढवा, आणि चढवण्याआधी त्याच्या खोबणीत ग्रीसची बारीक रेघ ओढा. नाहीतर बीडिंगच पाणी धरून ठेवतं आणि खालचा पत्रा गुपचूप सडतो.

जुळणी आणि तपासणी

सगळं बसवून झालं की थ्रॉटल बॉडीतलं फडकं काढा. मग बॅटरी. गाडी जॅकवर, स्टँड लावून. चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, चाक लायनरच्या कापलेल्या कडेला लागतंय का. एका बाजूचा स्टँड काढून चाकावर गाडीचं वजन येऊ द्या, पुन्हा वळवा. रेस देऊन इंजिन डोलवा आणि पाइपकडे बघा.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर पाइपवर आणि बीडिंगवर घासल्याच्या चकचकीत खुणा शोधा. रबर जिथे चकाकतं तिथे स्पर्श होतोय. क्लॅम्प एकदा आवळून घ्या. आणि पहिला दमदार पाऊस झाल्यावर लायनर पुन्हा उतरवा. पोकळीच्या तळाशी पाणी किंवा पाला साचलेला दिसला तर कंपनीने ठेवलेली मोरी मातीने बुजलीय. ती तारेने मोकळी करा, आणि फिल्टरला हात लावून बघा. तो ओला लागला तर त्याची जागा चुकली आहे. पुढचा पाऊस येण्याआधी त्याला वर घ्या.